मंडलिक वायू आणि शनिवारचा भोंगा

गेल्या वर्षी चैत्र-वैशाखाचे दोन महिने आम्ही उभयतांनी लेकीच्या घरी, अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात काढले. जावई तेथील नॉर्मन या गावी नोकरीस आहेत. पोहोचल्यानंतर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, मी मागील अंगणात माळ घेऊन बसलो असता एकाएकी चहूबाजूंनी भोंगे वाजू लागले. एकाहत्तरच्या युद्धात, मी शाळेत असताना, असा भोंगा ऐकला होता. त्यानंतर कधी नाही. माळ तशीच हातात धरून मी लगबगीने घरात आलो. आठ वर्षांची नात जमिनीवर बसून चित्र रंगवीत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आजोबा, आज शनिवार आहे. बारा वाजलेत."

ओक्लाहोमा शहर व त्याच्या परिसरात दर शनिवारी दुपारी बारा वाजता टॉर्नेडोची सूचना देणारे भोंगे वाजवून पाहतात, ही माहिती मला अशी तिसरीतल्या मुलीकडून मिळाली. आकाशात खरोखरच वादळाची लक्षणे असतील तर त्या दिवशी चाचणी रद्द करतात, म्हणजे कोणाचा गैरसमज व्हायला नको, हेही तिनेच सांगितले.

"आणि समज, आज शनिवार नसता तर?"

"तर मी तुम्हांला आणि आजीला जिन्याखालच्या खोलीत नेलं असतं. आधी बूट घालायला लावले असते."

"बूट कशाला?"

"नंतर सगळीकडे काचा असतात ना."

तिच्या तोंडी तो 'नंतर' हा शब्द इतक्या सहजतेने आलेला ऐकून मला एकीकडे कौतुक वाटले आणि दुसरीकडे, खरे सांगायचे तर, रागही आला. एवढ्याशा मुलीच्या मनात ही धास्ती कोणी आणि का भरवावी? आपण मुलांसमोर अमंगळ बोलत नाही. दुकानात आग, घरात चोरी, प्रवासात अपघात असे शब्द निघाले की घरातील वडीलधारी बाई "शुभ बोल" म्हणून विषय बदलते. मीही त्याच संस्कारात वाढलो.

येथे थोडा खुलासा करणे अवश्य आहे. टॉर्नेडो म्हणजे आपले चक्रीवादळ नव्हे. जून २०२० मध्ये रायगडच्या किनाऱ्यावर येऊन थडकलेले 'निसर्ग' समुद्रावर जन्मले होते. अशा वादळाचा पसारा शेकडो किलोमीटरांचा असतो व त्याची वार्ता एक-दोन दिवस आधी लागते. टॉर्नेडो हा गडगडाटी ढगाच्या पोटातून जमिनीपर्यंत उतरलेला हवेचा फिरता खांब. त्याची रुंदी बहुधा काहीशे मीटरांच्या आत आणि आयुष्य बहुधा काही मिनिटांचे. आपल्याकडे वैशाखात माळावर धूळ-पाचोळा घेऊन नाचणारी वावटळ ही दिसायला त्याची धाकटी बहीण. परंतु ती तापलेल्या जमिनीवरून निरभ्र आकाशात उठते, ढगाशी तिचे नाते नसते. अमेरिकेत वर्षाकाठी सुमारे १२०० टॉर्नेडो होतात. त्यांतील बहुसंख्य दुबळे असतात, चार झाडे पाडून विरून जातात. जे प्रबळ असतात ते घराचा केवळ पाया शिल्लक ठेवतात. आपल्या उपखंडासही हे संकट सर्वस्वी अपरिचित नाही: २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातील मानिकगंज भागात झालेल्या टॉर्नेडोने सुमारे १३०० माणसे घेतली, आणि जगाच्या नोंदीत तो सर्वांत प्राणघातक गणला जातो.

पंधरा दिवसांनी नातीच्या शाळेत पालकांसाठी विज्ञानाची संध्याकाळ होती. मुलांनी महिनाभर टॉर्नेडोचा अभ्यास केला होता व आता तीच आम्हांला शिकवणार होती. मी मनात अढी ठेवूनच गेलो.

पहिल्याच टेबलावर आमची नात उभी. तिच्यापुढे प्लॅस्टिकच्या दोन बाटल्या, तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीने घट्ट जोडलेल्या. एकीत रंगीत पाणी. बाटल्या उलट्या केल्या तेव्हा पाणी डुबुक डुबुक करीत अडखळत खाली येऊ लागले. मग तिने वरची बाटली हाताने गोल फिरवली. क्षणात पाण्यात मधोमध एक पोकळ भोवरा पडला व पाणी सरसर उतरले. "मधल्या भोकातून खालची हवा वर जाते, म्हणून पाण्याला लवकर वाट मिळते," तिने स्पष्ट केले. मी शाबासकी देणार तोच तिने पुढचे वाक्य म्हटले, आणि तेथे मला त्या शिक्षिकेबद्दल प्रथम आदर वाटला: "पण हा खरा टॉर्नेडो नाही. इथे पाणी खाली पडतं म्हणून फिरतं. तिथे हवा वर चढते म्हणून फिरते." उपमा कोठे संपते हे सांगणारा शिक्षक मला माझ्या विद्यार्थिदशेत फारसा भेटला नव्हता.

हवा वर चढते कशी, ते शेजारच्या टेबलावर होते. लाकडी चौकटीला चार पारदर्शक भिंती, चारही कोपऱ्यांत एकेक उभी फट, माथ्यावर हवा वर ओढणारा लहान पंखा आणि तळाशी थंड वाफ सोडणारे यंत्र. फटींतून हवा तिरपी आत शिरते, पंखा तिला वर ओढतो, आणि पांढऱ्या वाफेचा एक बारीक, वळवळणारा खांब डोळ्यांदेखत उभा राहतो. एका मुलाने दोन फटींवर कागदाची पट्टी लावली, खांब मोडला. पट्टी काढली, पुन्हा उभा. मी हा प्रकार चार वेळा करवून घेतला, मागे रांग लागली होती तरी.

परंतु मुळात ढगातील हवेला फिरकी मिळते कोठून? यासाठी मुलांनी फक्त एक पेन्सिल घेतली होती. ती दोन तळहातांमध्ये आडवी धरायची. वरचा हात वेगाने पुढे सरकवायचा, खालचा सावकाश. पेन्सिल लोळू लागते. ओक्लाहोमाच्या मैदानावर वसंतात असेच घडते. मेक्सिकोच्या आखाताकडून आलेली उबदार, दमट हवा खाली हळू वाहते. पश्चिमेकडून आलेले कोरडे, थंड वारे वरच्या थरात जोराने वाहतात. दोहोंमधील हवा आडव्या लाटण्यासारखी लोळते. मग ढगात वर चढणारा प्रवाह त्या लाटण्याला मधोमध उचलून उभे करतो, आणि सबंध ढगच मंद गतीने फिरू लागतो. अशा फिरत्या ढगांपैकी थोड्याच ढगांतून टॉर्नेडो जमिनीपर्यंत उतरतो. नेमक्या कोणत्या, हे शास्त्रज्ञांना अद्याप पुरते उलगडलेले नाही. मुलांच्या तक्त्यावर तेही मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते.

फिरणारी वस्तू आकसली की वेग वाढतो, हे नातीने मला घरी आल्यावर जावईबापूंच्या फिरत्या खुर्चीवर बसवून पटवले. दोन्ही हातांत एकेक जाड ग्रंथ, हात पसरलेले. खुर्ची फिरवली आणि हात छातीशी घ्यायला सांगितले. साठी उलटलेल्यांनी हा प्रयोग करू नये.

शाळेतील एका कोपऱ्यात मुले टॅब्लेट घेऊन बसली होती. त्यांवर हवामान खात्याच्या डॉप्लर रडारने टिपलेली जुन्या वादळांची चित्रे होती. जवळ येणाऱ्या गाडीचा हॉर्न चढा ऐकू येतो व दूर जाणाऱ्या गाडीचा उतरता, त्याच न्यायाने हे रडार पावसाचे थेंब आपल्याकडे येत आहेत की आपल्यापासून दूर जात आहेत हे ओळखते. येणाऱ्यांना हिरवा रंग देते, जाणाऱ्यांना लाल. जेथे हिरव्याला खेटून लाल दिसतो तेथे हवा गोल फिरत आहे असे समजावे. नकाशात तशी जागा शोधून बोटाने वर्तुळ करायचे, हा मुलांचा खेळ. बँकेत पस्तीस वर्षे आकड्यांच्या रांगांतील विसंगती शोधणाऱ्या मला ती जागा सापडायला वेळ लागला. बाजूच्या मुलीने दोन निमिषांत दाखवली. असे सुमारे १६० रडार त्या देशात आहेत आणि देशाचे वादळ-अंदाज केंद्र नॉर्मन गावातच आहे.

आणखी एका टेबलावर पडझडीची छायाचित्रे होती व मुले त्यांना शून्य ते पाच असे क्रमांक देत होती. टॉर्नेडोचा वारा मोजायला यंत्र जागेवर टिकत नाही. म्हणून झालेल्या नुकसानीवरून वेगाचा अंदाज करतात. ही श्रेणी शिकागो विद्यापीठातील जपानी शास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी १९७१ मध्ये मांडली व २००७ पासून तिची सुधारित आवृत्ती वापरात आहे. नागासाकीवरील अणुबाँबनंतरच्या पडझडीची पाहणी त्यांनी तरुणपणी केली होती. मोडलेल्या वस्तूंवरून न दिसलेल्या शक्तीचा माग काढण्याची दृष्टी त्यांना तेथून लाभली. आपल्याकडे गोदामाला आग लागल्यावर विमा कंपनीचा सर्वेक्षक येतो, त्याच जातीचे हे काम.

सावधगिरीच्या दोन पायऱ्या मुलांना खाण्याच्या पदार्थावरून शिकवल्या होत्या. 'वॉच' म्हणजे सामग्री ओट्यावर मांडलेली आहे, पदार्थ होऊ शकेल. 'वॉर्निंग' म्हणजे पदार्थ ताटात पडला. नातीने आजीसाठी त्याचे ढोकळ्यात रूपांतर केले. पीठ भिजले तर वॉच, वाफ आली तर वॉर्निंग. आजीला हे रडारपेक्षा लवकर समजले.

मुले निघून गेल्यावर मी शिक्षिकेला माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलेच, की इतक्या लहान मुलांना हे सांगून भय वाढत नाही काय? त्या म्हणाल्या, भय तर आधीच घरात आहे. भोंगा मुले ऐकतात, आईबापांचे चेहरे पाहतात. मी त्यांना फक्त हातांना करायला काही देते. मग त्यांनी खिडकीबाहेर उत्तरेकडे हात केला. त्या दिशेला मूर हे गाव आहे.

मूरचे वृत्त मी त्या काळी वर्तमानपत्रात वाचले असेलही, स्मरणात नव्हते. २० मे २०१३ रोजी दुपारी शाळा सुटण्याच्या सुमारास सर्वोच्च श्रेणीचा टॉर्नेडो त्या गावातून गेला. सूचना निघाल्यापासून तो जमिनीला टेकेपर्यंत सुमारे १६ मिनिटे मिळाली होती. २४ माणसे मृत्यू पावली. त्यांतील सात जण प्लाझा टॉवर्स या प्राथमिक शाळेतील विद्यार्थी होते. नातीच्याच वयाची मुले. शाळेत मजबूत निवारा नव्हता. नंतर ती पुन्हा बांधली तेव्हा निवाऱ्यासह बांधली. म्हणजे केवळ शिकवल्याने सर्व टळते असे नाही. भिंतही भक्कम लागते. ते दोन्ही लागते.

मुलांनाच नव्हे, मोठ्यांनाही न सांगण्याची रीत त्या देशात एके काळी होती, हे मला नंतर जावईबापूंच्या एका पुस्तकात सापडले. लोक घाबरून सैरावैरा होतील आणि वादळापेक्षा त्यानेच अधिक हानी होईल, या विचाराने तेथील हवामान खात्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अनेक दशके अंदाजात 'टॉर्नेडो' हा शब्दच वर्ज्य केला होता. मार्च १९४८ मध्ये ओक्लाहोमा शहराजवळील टिंकर विमानतळावर २० तारखेला पूर्वसूचनेविना टॉर्नेडो येऊन विमानांचा चुराडा झाला. तेव्हा फॉबुश व मिलर या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी पाच दिवसांत जुन्या नोंदी चाळल्या, आणि २५ तारखेला तशीच हवा दिसताच धैर्य करून अंदाज वर्तवला. त्या सायंकाळी टॉर्नेडो त्याच विमानतळावर आला. विमाने शक्य तितकी सुरक्षित जागी हलवलेली होती. शब्दावरील बंदी १९५० मध्ये उठली.

हे वाचून मला माझीच एक गोष्ट आठवली, आणि ती या सदरात मी आजवर लिहिलेली नाही. एका बाजारपेठेतील शाखेचा मी व्यवस्थापक होतो. आग लागल्यास काय करावे याचा सराव ठरावीक मुदतीने घ्यावा व नोंदवहीत लिहावा, असा नियम होता. नोंदवही होती. "सराव घेतला, समाधानकारक" असे लिहून मी सही करीत असे. सराव एकदाही घेतला नव्हता. कामाच्या वेळात ग्राहकांसमोर तो पोरखेळ कशाला, असे वाटे, आणि अमंगळही वाटे. पुढे एका दुपारी शेजारच्या कापडाच्या गोदामात ठिणगी पडून धूर आमच्या शाखेत शिरला. मागील दाराची किल्ली कोणाजवळ आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. शिपाई ती शोधीत असताना एक वृद्ध खातेदार बाई बाकावर बसल्या बसल्या गुदमरू लागल्या. सर्व जण सुखरूप बाहेर पडले, हे पुण्य माझे नव्हे. चौकशीत नोंदवही पाहिली गेली. सह्या पूर्ण होत्या, म्हणून मला कोणी काही बोलले नाही.

वैशाखाच्या शेवटी ती रात्र आली. तेथे त्या दिवसांत सूर्यास्त साडेआठच्या सुमारास होतो. आम्ही चोविहार करून उठलो होतो. सकाळपासून वॉच लागू होताच. पश्चिमेचे आकाश हिरवट-काळे झाले होते. सौ. नेहमीप्रमाणे कटासणे अंथरून सामायिक घेऊन बसली होती. अठ्ठेचाळीस मिनिटांपैकी वीस झाली असतील, तोच घरातील सर्व फोन एकदम कर्कश ओरडले आणि बाहेर भोंगे सुरू झाले. तो शनिवार नव्हता.

मी उठून खिडक्या उघडण्यास निघालो. आतील दाब मोकळा झाला तर छप्पर वाचते असे कोठेतरी ऐकले होते. "आजोबा, नाही!" नात ओरडली. खिडकी किंवा गॅरेजचे दार उघडे पडले की वारा आत शिरून छप्पर खालून ढकलतो. शाळेत पत्त्यांची घरे करून केस वाळवण्याच्या यंत्राने वारा सोडून तिने ते पाहिले होते. तिने माझे बूट पुढे केले, आपल्या सायकलचे शिरस्त्राण माझ्या डोक्यावर ठेवले. ते बसेना, तरी पट्टा ओढून ठेवले. लेक व जावई पाणी आणि टॉर्च घेऊन आले. प्रश्न सौ.चा होता. सामायिक अपुरे सोडून ती उठणार नाही हे मी चाळीस वर्षांच्या अनुभवाने जाणतो. नात तिच्यासमोर थोड्या अंतरावर उकिडवी बसली आणि म्हणाली, "आजी, सामायिक जिन्याखालीही होतं. तुझं आसन तिथे आणून ठेवू?"

सौ.ने क्षणभर तिच्याकडे पाहिले. मग मुहपत्ती व माळ घेऊन, चरवळ्याने पुढची जमीन पुंजत, एकेक पाऊल टाकीत ती जिन्याखालच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत आली व पुन्हा बसली. बाहेर भोंगे वाजत असता तिने ते अंतर ज्या संथपणे कापले, तेवढ्या वेळात माझा जीव अर्धा झाला. पण ती आली. माझ्या सांगण्याने आली नसती.

आत आम्ही पाच जण दाटीवाटीने बसलो. नात भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर वाकली, मानेमागे दोन्ही हात, शाळेत करतात तशी. थोड्या वेळाने तिने त्याच स्थितीत विचारले, "आजी, मंडलिक वायू म्हणजे टॉर्नेडोच ना?" रविवारी संगणकावर भरणाऱ्या पाठशाळेत तिचे शांतिसूरींचे जीवविचार प्रकरण चालू होते. त्यात वायुकायाचे भेद सांगितले आहेत: वर चढणारा उद्भ्रामक, खाली वाहणारा उत्कलिक, गोल फिरणारा मंडलिक, महावायू, मंद वाहणारा शुद्ध, गुंजारव करणारा गुंजवायू, तसेच घनवात आणि तनुवात. मी हे बालपणी घोकले होते आणि विसरलो होतो. एका मुलीच्या डोक्यात रडारचे लाल-हिरवे ठिपके व हे भेद शेजारी शेजारी नांदत होते.

"तो जीव असेल तर त्याला पाप लागतं? इतकी घरं पाडतो म्हणून?"

सामायिकात स्वाध्यायाला बाध नाही. सौ. माळ थांबवून म्हणाली, "तो एकेंद्रिय जीव, बाळ. त्याला मन नाही. त्याचा राग धरू नये. बाकी महाराजसाहेबांना विचारू."

"राग नाही धरत," नात म्हणाली. "फक्त बूट घालते."

पाऊण तासाने सूचना मागे घेतली गेली. वादळ आमच्या उत्तरेकडून निघून गेले. आमच्या अंगणात गारा पडल्या, एक फांदी मोडली. सौ.चे सामायिक त्याआधीच पुरे झाले होते; पण नात उठू देईना, म्हणून तिने दुसरे घेतले होते.

ज्येष्ठात परत आल्यावर पुतण्याच्या दुकानात गेलो. कापडाची तीन पिढ्यांची पेढी. मुले शाळा सुटली की तेथेच खेळतात, पोटमाळ्यावर गठ्ठ्यांत लपतात. पावसाळा तोंडावर होता, वीज कडाडत होती. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने विजेची पूर्वसूचना देणारे 'दामिनी' हे ॲप काढले आहे. ते मी पुतण्याच्या मोठ्या मुलाच्या फोनवर उतरवून घ्यायला लावले. तो नकाशातील ठिपके पाहण्यात रमला. मग मी धाकट्याला सहज विचारले, "दुकानाची मुख्य वीज बंद करायचं बटण कुठे आहे, रे?" त्याला माहीत नव्हते. मोठ्यालाही नव्हते. पुतण्या म्हणाला, "काका, शुभ बोला," आणि हसला. शेवटी जुन्या मुनीमजींनी सांगितले, की ते साड्यांच्या मोठ्या कपाटामागे आहे.

ते कपाट हलवायला तीन माणसे लागली.